वाचक विचारतात: तो उभा कशावर होता?

मागच्या अंकात सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याखालच्या, टेकूंवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मिळून एवढा ढीग आला की संपादक म्हणाले यावेळी सगळी पानं तुमची, द्या उत्तरं. टेकूंबद्दल फार कोणी विचारलंच नाहीये, बहुतेकांचा विषय एकच, माणूस वरून पडणे. मी तीस वर्षं रत्नागिरीपासून कुडाळपर्यंत साईटवर काढलीत, आधी सुपरवायझर मग सेफ्टीचं बघायचो. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं सांगतो ते कामापुरतं. नावं कोणाचीच छापलेली नाहीत आणि काहींची गावंही बदललीत, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.

प्रश्न: मी मुंबईत नोकरीला, कणकवलीजवळ वडिलोपार्जित जागेत चिऱ्याचं घर बांधतोय, तळमजला आणि वर एक मजला. काम मटेरियल-मजुरीसकट ठेकेदाराला दिलंय. शिमग्याला गेलो तर गवंडी दोन बांबूंवर एक फळी टाकून उभा, हातात चिरा. ठेकेदाराला बोललो तर म्हणाला, "काय होवचा नाय ओ, सवय आसा तेंका, तुमका कित्याक टेन्शन." उद्या कोणी पडलं तर माझ्या गळ्यात येईल का? मी काय बिल्डर नाही.

गळ्यात येईल का ते सांगतो, पण आधी तुम्ही जे बघितलंत त्याच्याबद्दल बोलू. जांभ्याचा चिरा पंचवीस-तीस किलोच्या घरात जातो. तो उचलून छातीपर्यंत आणला की माणसाचा तोल आपोआप मागे जातो आणि मागे काय आहे तर काहीच नाही, फळी एकच, नऊ-दहा इंची, पाय मागे घ्यायचा तर हवेतच. सवय असते हे खरंय, पण सवय माणसाला असते, चिऱ्याला नसते, तो निसटायचा तेव्हा निसटतो. ३ मीटर म्हणजे जेमतेम एक मजला, तिथून खाली यायला पाऊण सेकंद लागतो आणि जमिनीला लागताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर. लोकांना वाटतं टॉवरवरून पडणारेच मरतात, मी डोळ्यांनी बघितलेले वाईट अपघात बहुतेक सगळे एक-दोन मजल्यांचे, कारण तेवढ्या उंचीला कोणी काही बांधतच नाही, "एवढंसं तर काम आहे" म्हणून.

आता कायदा. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्राचा कायदा होता, दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे लागायचा आणि स्वतःला राहायचं १० लाखांच्या आतलं घर त्यातून वगळलेलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तो कायदा त्यात गेला आणि १० लाखांची मर्यादा ५० लाख झाली. म्हणजे तुमचं घर त्या मोठ्या कायद्याच्या बाहेर पडू शकतं. पण म्हणून सुटलो असं समजू नका. बांधताना, पाडताना, दुरुस्त करताना माणसाला धोका होईल असा हलगर्जीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९० आहे, आणि हलगर्जीपणाने माणूस गेला तर कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पहिला धरतील तो ठेकेदाराला, पण तुमच्या डोळ्यांदेखत ती फळी होती, तुम्ही बोललात आणि गप्प बसलात, हेही कोणीतरी विचारणारच. आणि ठेकेदार मधे न ठेवता तुम्ही स्वतः रोजावर गवंडी-बिगारी लावले असते तर मग मालक तुम्हीच, तिथे बोट दाखवायला दुसरं कोणी नाही.

"जरा सांभाळून करा रे" म्हणून काही होत नाही, ते सगळेच म्हणतात. करारात परांचीची, म्हणजे गवंड्याने उभं राहायच्या मचाणाची, वेगळी ओळ घाला आणि तिचे वेगळे पैसे द्या. स्क्वेअर फुटाच्या रेटमध्ये सगळं धरलं की ठेकेदार पहिली काटछाट परांचीतच करतो, कारण घर झाल्यावर ती दिसत नाही. तीन फळ्या तरी बाजूबाजूला, मधे फट नको, टोकं दोन्हीकडे बांधलेली. मागच्या बाजूला कमरेच्या वर, साधारण १ मीटरवर एक आडवा बांबू आणि त्याच्या खाली गुडघ्याशी दुसरा. चढायला शिडी, बांबूला पाय लावून माकडासारखं चढणं बंद. शिडीचा हिशेब सोपा आहे, चार फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट लांब, आणि वरचं टोक जिथे उतरायचं त्याच्याही वर तीन फूट आलेलं, नाहीतर उतरताना हाताला धरायला काही नसतं आणि नेमके तिथेच लोक पडतात. जिन्याची मोकळी जागा आणि स्लॅबची कड, दोन्हीला तात्पुरतं रेलिंग. सगळं मिळून तुमच्या पुढच्या दाराच्या सागवानी चौकटीएवढा पण खर्च नाही येणार.

आणि मुंबईहून रोज संध्याकाळी फोटो मागवा, भिंतीचा नको, परांचीचा. मालक भिंत बघायला मागतो म्हणून ठेकेदार भिंतच दाखवतो.

प्रश्न: माझे बाबा गवंडी, वय ४५. मे २०२५ मध्ये एका बिल्डरच्या साईटवर दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडले, मणका मोडला. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, डॉक्टर म्हणतात गवंडीकाम आता विसरा. ठेकेदाराने २० हजार दिले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली की पुढे काही मागणार नाही. आता म्हणतो ते प्यायलेले होते. हॉस्पिटलच्या कागदावर त्याच्या माणसाने "घरी पडले" असं लिहून घेतलंय. आम्ही काय करू शकतो? (सावंतवाडी तालुका)

ताई, आधी त्या स्टॅम्पपेपरची भीती काढून टाका. तुमच्या बाबांचा अपघात मे २०२५ चा, त्यामुळे त्याला १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागतो (पुढचे अपघात आता सामाजिक सुरक्षा संहितेत येतात). त्या कायद्यात स्पष्ट आहे की कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा करार केला तरी तो रद्दच धरायचा. रकमेवर तडजोड करायची तर ती नुकसानभरपाईच्या कमिशनरकडे नोंदवावी लागते. चहाच्या टपरीवर घेतलेली सही म्हणजे नुसती शाई.

दारूचं म्हणाल तर हे अस्त्र सगळेच काढतात, मी काय तुम्हाला नवीन सांगतोय असं नाही. पण कायदा असा आहे की मृत्यू किंवा संपूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर "प्यायला होता" हा बचाव मालकाला मिळतच नाही. त्याहून कमी दुखापत असेल तरच तो चालतो आणि तेव्हाही दारूमुळेच पडला हे मालकाने सिद्ध करायचं, तुम्ही नाही.

आता तुमचे बाबा चालतात तर संपूर्ण अपंगत्व कसं, असं समोरचा वकील विचारणार. सुप्रीम कोर्टाचा १९७५ चा निकाल आहे, एका सिनेमा थिएटरच्या कामावर सुतार पडला होता १९६८ साली, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं एक हात तर शाबूत आहे. कोर्ट म्हणालं सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणजे जे काम तो करत होता त्याच्यासाठी तो पूर्ण निकामी झाला, भरपाई पूर्ण द्या. तुमच्या वकिलाला हा निकाल नक्की माहीत असणार, तरी आठवण करा.

रकमेचा अंदाज देतो. संपूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे ९,०००, आणि ४५ वयाला आकडा १६९.४४. गुणाकार करा, १५,२४,९६० रुपये. दवाखान्याचा खरा खर्च बिलांप्रमाणे वेगळा. अपंगत्वाची टक्केवारी कमी धरली गेली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होईल, पण २० हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा म्हणजे ठेकेदाराला सहीची एवढी घाई का होती ते कळेल. महिन्याभरात पैसे दिले नाहीत म्हणून वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. ठेकेदार कंगाल आहे म्हणाला तरी बिल्डरवर दावा लावता येतो, कारण बांधणं हा बिल्डरचा धंदाच आहे आणि त्या धंद्याचंच काम त्याने ठेकेदाराला दिलेलं, त्यामुळे कायदा मूळ मालकाला पण धरतो.

मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे मे २०२७. त्याची वाट बघू नका, उद्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, महिला म्हणून तुम्हाला आणि अपंगत्व आलेले म्हणून बाबांना वकील फुकट मिळतो. दावा कोणत्या कोर्टात ते तिथेच सांगतील. जाताना काय न्यायचं तर मुकादमाच्या हजेरीच्या वहीचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं, बरोबर काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं, ठेकेदाराशी झालेले मेसेज, पैसे आले असतील तर गुगल पे ची हिस्टरी. "घरी पडले" हा कागद त्रास देईल, पण १०८ ने नेलं असेल तर गाडीने कुठून उचललं त्याची नोंद असते, ती साईटची निघाली की त्या कागदातली हवा गेली. बाकी वाचकांनी एवढं लक्षात ठेवा, माणूस अ‍ॅडमिट करताना डॉक्टरला सांगायचं कामावर पडला, कुठल्या साईटवर, किती उंचीवरून. त्या वेळी घरचा माणूस शुद्धीत नसतो आणि ठेकेदाराचा माणूस फार शुद्धीत असतो.

बाबांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी होती का ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे मंडळ म्हटलं की लोकांना भांड्यांचा संच आठवतो, पण नोंदीत कामगार कामावर असताना गेला तर वारसाला ५ लाख आहेत, ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, तो ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडून मिळतो. हे पैसे भरपाईच्या वर, भरपाईच्या बदल्यात नाहीत.

प्रश्न: मी छोटा ठेकेदार, चिपळूण. आठ बेल्ट आणले, चांगले फुल बॉडी हार्नेस. एकही जण घालत नाही. दमटपणात अंगाला टोचतं म्हणतात, काम स्लो होतं म्हणतात. मी बेल्ट दिले, आता पडले तर माझी काय चूक?

भाऊ, तुम्ही बेल्ट तरी आणलेत, कमरेचा पट्टा न आणता खांद्या-मांड्यांतून जाणारा हार्नेस आणलात हे त्याहून बरं, नुसत्या कमरेच्या पट्ट्यात माणूस लटकला तर पोट आणि कणा दोन्ही जातात. पण एक विचारतो, हुक कुठे लावायचा ते दाखवलंत का? मी कित्येक साईटवर बघितलंय, बेल्ट अंगात आणि हुक परत स्वतःच्याच बेल्टला अडकवलेला, दागिना घातल्यासारखा. त्याला दोष काय देणार, वर लावायला काही असेल तर लावेल ना.

हुक जिथे लागतो तो पॉइंट २ टनांच्या वर झटका सहन करणारा पाहिजे. डोळ्यांसमोर आणा, तीन अल्टो गाड्या एकाखाली एक टांगल्यात. आता सांगा परांचीचा बांबू, खिडकीचं ग्रील, पाण्याचा पाइप, कॉलममधून वर आलेली एकटी सळई, यातलं काय टिकेल? कॉलमभोवती वायर रोपचा फास, बीमला पक्का क्लॅम्प, नाहीतर दोन कॉलमच्या मधे ताणलेली लाइफलाइन, ती पण कोणा जाणकाराकडून बसवून घेतलेली. आणि सरकताना एक हुक काढायच्या आधी दुसरा लागलेला असला पाहिजे, म्हणून दोन दोऱ्यांचा हार्नेस घ्यायचा.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. दोरी १.८ मीटर, झटका घ्यायला जी शिवलेली पट्टी असते ती उसवत जाते ती आणखी दीड-पावणेदोन मीटर, खाली माणसाची उंची, वर थोडी शिल्लक, असं मिळून हुकापासून खाली जवळजवळ ६ मीटर मोकळी जागा लागते. तुमचा माणूस पहिल्या स्लॅबवर उभा, हुक पायाशी, खाली जमीन ३ मीटरवर. बेल्टने त्याला धरायच्या आत तो खाली पोचलेला असेल. म्हणून एक-दोन मजल्याच्या कामाला बेल्टवर भिस्त ठेवायचीच नाही, तिथे रेलिंग, रुंद परांची, खाली जाळी. बेल्ट ही शेवटची गोष्ट, आपल्याकडे ती पहिली आणि एकुलती एक आणतात कारण बिल दाखवता येतं.

न घालण्याचं कारण गरमी आहेच, एप्रिल-मे मधे मला पण नको वाटायचं. पण खरं कारण रेट आहे. प्लास्टरचा माणूस स्क्वेअर फुटावर, हुक काढा-लावा करण्यात त्याचे दिवसाचे पैसे कमी होतात, तो का घालेल? उंचीवरचं काम रोजावर द्या, मग बघा. मी हे एकदा करून बघितलं होतं, आठवड्यात कटकट बंद.

दोन गोष्टी आपल्या किनाऱ्याच्या. खाऱ्या हवेने हुकाची स्प्रिंग गंजते आणि तोंड अर्धवट उघडं राहतं, महिन्यातून एकदा प्रत्येक हुक हाताने उघडून बघा. उन्हात टाकलेली पट्टी पांढुरकी पडली की ती गेली. आणि ज्या हार्नेसने एकदा पडता माणूस धरला तो कापून टाका, कापून, नाहीतर कोणीतरी धुऊन परत वापरतो. हो, आणि लटकलेल्या माणसाला खाली कसं आणणार ते आधीच ठरवून ठेवा, हार्नेसमध्ये निपचित लटकून राहिलं की पायात रक्त साठतं आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो, फायर ब्रिगेड येईपर्यंत बघत बसायची ती वेळ नाही.

आणि तुमची चूक काय ते विचारलंत म्हणून, बेल्ट दिले एवढ्याने होत नाही. काम चालू असताना सतत देखरेख ठेवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, हे १९९६ च्या कायद्यात होतंच.

प्रश्न: आमच्या वडिलांनी माणग्याच्या बांबूंची परांची काथ्याने बांधून गावचं देऊळ बांधलं, कोणी पडलं नाही. तुम्ही लोकांना उगाच घाबरवता. (राजापूर)

काका, बांबूच्या परांचीला मी नावं ठेवलीच नाहीत. सुकलेला न किडलेला माणगा, गाठी घट्ट आणि रोज बघितलेल्या, भिंतीला ठिकठिकाणी बांधून घेतलेली परांची असेल तर गंजक्या पाइपांच्या परांचीपेक्षा मी तिच्यावर आधी चढेन. तुमच्या वडिलांच्या वेळी बांबू बांधणारा वेगळा माणूस असायचा, त्याचं तेच काम. आता संध्याकाळी पाचला बिगाऱ्याला सांगतात, जा रे चार बांबू बांध, सकाळी गवंडी येणारे.

प्रश्न: पत्रे घालायची कामं घेतो, देवगड बाजू. पावसाच्या तोंडावर श्वास घ्यायला वेळ नसतो. सिमेंटच्या पत्र्यावर चालताना हुकांच्या लाइनीवर पाय ठेवला की झालं ना?

नाही झालं. हुकांच्या लाइनीवर म्हणजे खाली पाइप आहे हा तुमचा हिशेब बरोबर आहे, पण पाय चार इंच सरकला की संपलं, आणि हातात दहा फुटी पत्रा असताना वाऱ्याची एक झुळूक तुम्हाला चार काय चाळीस इंच सरकवते. जुना सिमेंटचा पत्रा सूचना देत नाही, वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटतो. त्याहून फसवा तो मधला फायबरचा पत्रा, उजेडासाठी टाकलेला. दोन पावसाळे गेले की त्यावर शेवाळ आणि धूळ बसून तो बाकीच्यांसारखाच दिसतो. चढायच्या आधी घरात जाऊन खालून बघा उजेड कुठून येतो, आणि वर तिथे लाल कापड टाका.

पत्र्यावर थेट पाय द्यायचाच नाही. कमीत कमी दोन-तीन पाइपांवर टेकेल एवढी लांब फळी किंवा आडवी शिडी टाकायची, तीही बांधून, आणि दोन असल्या पाहिजेत म्हणजे एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवता येते. जमेल तिथे वर जाऊच नका, खालून चाकांच्या परांचीवर उभं राहून हुक काढा. वायर घरावरून गेली असेल तर आधी लाईट बंद करून घ्या, लोखंडी शिडी आणि पत्रा तारेला लागून शॉक बसतो आणि मग माणूस पडतो, कागदावर कारण मात्र "पडून" एवढंच येतं. जुना सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा असणार, तो वरून खाली आपटून फोडू नका, अख्खा उतरवा आणि ओला करून, ती धूळ छातीत बसते.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ गेलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे सगळ्यांनाच एकदम छप्पर घालायचं होतं आणि ज्यांनी कधी शिडी चढली नाही ते पण कौलांवर होते. घाई मला कळते, वर पाऊस उभा असताना कोण थांबेल. निदान ताडपत्री टाका, दोरीने ताणा आणि वारा पडल्यावर चढा.

प्रश्न: सिव्हिल डिप्लोमा करून अलिबागला एका साईटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. चार मजली काम, चाळीस कामगार. लिफ्टच्या डक्टवर (लिफ्टसाठी सोडलेली उभी पोकळी) रेलिंग लावूया म्हटलं तर मालक म्हणतात प्लाय टाकलाय ना, पावसाच्या आधी दोन स्लॅब पाडायचेत, तुझं ते नंतर बघू.

तुला माझीच गोष्ट सांगतो, ही मी सहसा कोणाला सांगत नाही. अशीच चार मजली साईट, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टच्या तोंडावर मी स्वतः उभा राहून प्लाय टाकून घेतला होता. संध्याकाळची वेळ, सेंट्रिंगवाल्या पोराला छज्ज्यासाठी तुकडा हवा होता, इकडेतिकडे बघितलं तर चांगला अख्खा प्लाय जमिनीवर पडलेला. तो वाकला, दोन्ही हातांनी प्लाय उभा उचलला, आता प्लाय तोंडासमोर, पुढचं काही दिसत नाही, आणि एक पाऊल पुढे टाकलं. जिथे प्लाय होता तिथेच. आधी प्लायचा आवाज आला. पोरगा मग दुसऱ्या मजल्याच्या लेव्हलला डक्टमध्ये राहून गेलेल्या दोन बल्ल्यांवर अडकला म्हणून वाचला, मांडी आणि खुबा मोडला, विजापूरकडचा होता, परत कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी मालकाने विचारलं तर मी म्हणालो, साहेब प्लाय टाकला होता. खोटं नव्हतं.

त्यानंतर मी झाकण टाकलं की चार बाजूंनी खिळे मारून किंवा खाली ठोकळे मारून ते सरकणारच नाही असं करायचो, वर लाल रंगाने "खाली खड्डा" मराठीत, हिंदीत आणि कानडीत. कानडी मुकादमाकडून लिहून घेतलं होतं. डक्टसारख्या मोठ्या तोंडाला रेलिंग पाहिजेच, झाकण असो नसो.

तू विचारशील साईटवर सेफ्टी ऑफिसर का नाही. नवीन संहितेत बांधकामाला २५० कामगार असतील तर तो सक्तीचा, तुमच्याकडे चाळीस. म्हणजे आपल्या कोकणातल्या बहुतेक साईटवर तो कधी येणारच नाही, तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणजे तुझ्यासारखा पोरगा, पगार न वाढवता. म्हणून तोंडी बोलू नकोस. रोज सकाळी फोटो काढ, मालकाला मेसेज टाक, "तिसरा मजला, डक्टला रेलिंग नाही, आज दुपारी बसवतो, चार बांबू आणि दोन माणसं लागतील." परवानगी मागू नकोस, सामान माग. चार बांबूंना नाही म्हणणारा मालक मेसेजवर नाही लिहीत, माझा अनुभव आहे. आणि तरी लिहिलंच त्याने, तर तो मेसेज जपून ठेव आणि दुसरी नोकरी बघायला लाग.

प्रश्न: आमची सोसायटी रत्नागिरीत, किनाऱ्यापासून जवळ. रंगकाम काढलंय, माणसं दोरीच्या झुल्यावर बसून रंगवणार. सेक्रेटरी म्हणून मी काय बघू?

दोन दोऱ्या बघा. एक झुल्याची, दुसरी माणसाच्या हार्नेसची, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या. एकच दोरी असेल तर काम सुरूच करू देऊ नका. गच्चीच्या कठड्याला तर अजिबात बांधू नका, समुद्राजवळच्या जुन्या बिल्डिंगांचे कठडे आतल्या सळया गंजून फुगलेले असतात, हाताने ढकलले तरी हलतात कधीकधी. कठड्याच्या कडेवर दोरी घासते तिथे जाड रबरी पाइप चिरून घाला. वर्क ऑर्डर द्यायच्या आधी कामगारांच्या विम्याच्या पॉलिसीची कॉपी मागा आणि तारीख बघा, गेल्या वर्षीची दाखवतात. शिवाय त्या पोरांचं बँकेत खातं असेल तर २० रुपये वर्षाला भरून २ लाखांचा सरकारी अपघात विमा निघतो, तो सोसायटीने काढून दिला तर बिघडत नाही, चहापाण्याला त्याहून जास्त जातात.

प्रश्न: माणूस पडलाच तर पहिल्यांदा काय करायचं? (गुहागर)

उचलू नका. मला माहितीये हात शिवशिवतात, चौघं धावतात, एक खांदे धरतो एक पाय आणि रिक्षात कोंबतात, आणि मणक्याला लागलेलं असेल तर तिथेच कायमचं अधू करून ठेवतात. १०८ ला फोन करा, खुणेचं ठिकाण सांगा, एक माणूस रस्त्यावर उभा करा. मान-डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरून ठेवायचं, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरायचं, पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. श्वास चाललाय का बघत राहायचं. वरून अजून काही पडणार असेल तरच हलवायचं, आणि तेही मान, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून, फळीवर घेऊन.

प्रश्न: सर, मी बिगारी, वय १९. पावसात सेफ्टी बूट घसरतात, मी अनवाणी चढतो, पकड चांगली येते. चालेल ना?

पकड येते हे खोटं नाही रे, आमचे माड चढणारे पण अनवाणीच चढतात. पण माडाला खिळे नसतात, सेंट्रिंगच्या फळीला असतात, आणि खिळा घुसल्यावर माणूस पाय झटकतो, तो झटका तुला वरून खाली आणतो. तुझे बूट घसरतात कारण तळ झिजलाय किंवा खाचांत सिमेंट बसून तो गुळगुळीत झालाय, उलटे करून बघ. खिळ्याने खाचा साफ कर, तरी घसरले तर ठेकेदाराकडे नवीन माग, मंडळात नोंदणी असेल तर सुरक्षा संचात बूट येतात ते घे. आणि शिडी चढताना दोन्ही हात मोकळे, घमेलं दोरीने नंतर वर ओढून घ्यायचं.